स्विचवर डायब्लो ३: घ्यावा की नाही

भाऊ, "गेम जुना झाला, आता पैसे कशाला घालवू" हा तुझा प्रश्न रास्त आहे. राक्षस मारत हत्यारं-चिलखतं गोळा करायचा हा गेम मूळ २०१२ चा, निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर आला २०१८ मध्ये. पण रीपर ऑफ सोल्स (नंतर आलेला जोडभाग) आणि नेक्रोमॅन्सर (मेलेल्यांना उठवणारं पात्र) दोन्ही त्यातच मिळतात, वेगळं काही घ्यावं लागत नाही. शिवाय पीसीवर याला सतत इंटरनेट लागतं, स्विचवर एकट्याने खेळायला लागत नाही. विदर्भ एक्सप्रेसमध्ये वर्ध्यापुढे रेंज गेली तरी माझा नेक्रोमॅन्सर सांगाडे उठवतच असतो. फक्त सीझन (नवीन पात्र घेऊन शून्यापासून खेळायची ठरावीक मुदतीची फेरी) सुरू करायचा असेल तर नेट हवं.

काही जण या गेमच्या कथेचं लई कौतुक करतात. कथा ठीकठाक बे! खरी मजा रिफ्टमध्ये, म्हणजे दर वेळी नव्याने तयार होणाऱ्या राक्षसांच्या भुयारी मोहिमेत. दहा-पंधरा मिनिटांत एक उरकते, लेजेंडरीचा, म्हणजे दुर्मिळ भारी वस्तूचा, नारिंगी झोत दिसला की "अजून एकच" म्हणत रात्रीचे दोन वाजतात. चौघं एकाच स्क्रीनवर खेळू शकता, पण एकाने गेममधली सामानाची बॅग उघडली की बाकीचे ताटकळतात. आणि हातात धरून खेळताना अक्षरं बारीक दिसतात, चष्मेवाल्यांनो सांभाळा.

एकदा संपवून ठेवून देणाऱ्यातला असशील तर राहू दे. नाहीतर सीताबर्डीत जुनं कार्ट्रिज शोध, डिजिटल नको. कंटाळा आला तर विकता तरी येईल.