ब्लड कल्चर (रक्तातल्या जंतूंची तपासणी) पॉझिटिव्ह आलंय, पण बाळ आता बरं दिसतंय. घरी न्यावं का?

धायरीचा_बाबा
मुलगी ३४व्या आठवड्यात झाली, वजन १ किलो ८५० ग्रॅम. घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी बायको म्हणाली, "ही ओढतच नाहीये." ताप नव्हता, उलट तळपाय गार. सासूबाई म्हणाल्या, थंडी आहे, अजून एक दुपटं गुंडाळा. संध्याकाळी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत ती निपचित पडली होती. आज एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पाचवा दिवस. कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला. डॉक्टर १४ दिवस इंजेक्शनं म्हणतात. पण ती आता डोळे उघडते, वाटी-चमच्याने दूध घेते. बिल वाढतंय, घरचे म्हणतात बाकीचं तोंडी औषधावर भागवू. काय करू?

नाइट_सिस्टर
दादा, आणू नका. बारा वर्षं एनआयसीयूत काढलीत मी. बरी दिसतेय ती इंजेक्शन चालू आहे म्हणून. एवढ्याशा जिवाच्या पोटातून औषध रक्तात पुरेसं उतरेल याचा भरवसा नसतो, म्हणून शिरेतूनच देतात. अर्ध्यात सोडलं तर जंतू पुन्हा उसळतो. मेंदूच्या आवरणापर्यंत गेला असेल तर १४ चे २१ दिवस होतात, म्हणून पाठीतलं पाणी तपासलं का ते आजच विचारा. कल्चरच्या कागदावर औषधांपुढे एस किंवा आर लिहिलेलं असतं; एस म्हणजे त्या जंतूवर औषध लागू पडतं, आर म्हणजे पडत नाही. चालू औषधापुढे एस आहे ना, तेही बघा.
पैशांचं म्हणाल तर सरकारी रुग्णालयात आजारी बाळावर वर्षाचं होईपर्यंत मोफत उपचार आहेत. ससूनला खाट मिळते का, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारायला सांगा. हलवायचं ठरलं तर ॲम्ब्युलन्सनेच, रिक्षात घालून नाही.
आणि सासूबाईंना बोल लावू नका. इतक्या लहान बाळाला जंतुसंसर्गात ताप येतोच असं नाही, अंग गार पडतं. उलटा हात आधी पोटाला, मग तळपायाला लावायचा. दोन्ही गार आणि दूध ओढत नाही, तर तडक निघायचं.

ओजसची_आई
आम्ही १४ दिवस पुरे केले. घरी आल्यावर बाळगुटीची सहाण माळ्यावर ठेवली, नाळेला तेल-हळद नाही, आल्यागेल्याने आधी साबणाने हात धुवायचे. काकू रुसल्या. रुसू देत.

धायरीचा_बाबा
सिस्टर, विचारलं. पाठीतलं पाणी चांगलं आलंय, औषधापुढे एस आहे. थांबतोय. बायको आत तिला छातीशी धरून बसलीय. आत्ताच बाहेर येऊन म्हणाली, पाय गरम आहेत.