मदत हवी आहे: सर्वांत लहान दिवस २१ डिसेंबरला, मग सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा का होत जातो?

नमस्कार मंडळी,

लेक सातवीत आहे. तिच्या विज्ञान प्रकल्पाचा विषय आहे ‘ऋतूंप्रमाणे दिवस लहानमोठा का होतो’. मूळ कारण आम्हाला ठाऊक आहे. पृथ्वीचा अक्ष साधारण साडेतेवीस अंश कललेला, जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो म्हणून आपला दिवस मोठा, डिसेंबरमध्ये उलट. घोडं अडलंय ते पुढे. भिंतीवरच्या कॅलेंडरातून तिने मुंबईच्या वेळा उतरवून घेतल्या, त्यातल्या तीन देते:

२५ नोव्हेंबर: उदय ६:५२, अस्त ५:५९
२१ डिसेंबर: उदय ७:०७, अस्त ६:०६
१५ जानेवारी: उदय ७:१५, अस्त ६:२१

२१ डिसेंबरचा दिवस सर्वांत लहान आहे हे बेरीज-वजाबाकी करून जुळतं, १० तास ५९ मिनिटं. पण मग त्याच दिवशी सूर्य सर्वांत उशिरा उगवायला आणि सर्वांत लवकर मावळायला हवा ना? इथे संध्याकाळ नोव्हेंबरअखेरच लांबायला लागते आणि सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी उशिरा होत जाते. दुसऱ्या कॅलेंडरातही हेच आहे, म्हणजे छपाईची चूक नाही. शाळेच्या पुस्तकात याबद्दल काही नाही.

शिवाय आजी तिला सांगतात, संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो. हे प्रकल्पात लिहावं का?

तिला पाठ करायला नको, स्वतः आकृती काढता येईल असं उत्तर हवं आहे.

प्रतिसाद १

वातावरणामुळे किरण वाकतात, सूर्य क्षितिजाखाली असतानाही दिसतो. त्याने फरक पडत असेल.

प्रतिसाद २

वक्रीभवन खरं आहे. ते आणि सूर्यबिंबाचा आकार मिळून मुंबईत दिवस सात-आठ मिनिटांनी वाढतो, पण सकाळी जेवढा तेवढाच संध्याकाळी. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे, असं त्याने होणार नाही.

ताई, लेकीला आधी एक काम सांगा. प्रत्येक तारखेच्या उदयाची आणि अस्ताची बरोब्बर मधली वेळ काढायची. तो मध्यान्ह, सूर्य याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे आकाशात डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेघेवर येण्याची वेळ. तुमच्याच आकड्यांवरून २५ नोव्हेंबरला १२:२५, २१ डिसेंबरला १२:३६ आणि १५ जानेवारीला १२:४८ येतात, अर्धं मिनिट इकडेतिकडे. म्हणजे दिवसाचा मधला बिंदूच घड्याळात पुढे पुढे सरकतोय!

आता हिशेब सोपा आहे. नोव्हेंबरच्या त्या तारखेपासून २१ डिसेंबरपर्यंत दिवस आठ मिनिटांनी आखडला, दोन्ही टोकांना चार-चार. याच काळात मध्यान्ह अकरा मिनिटं पुढे गेला. सकाळी दोन्ही परिणाम एकाच दिशेने, म्हणून सूर्योदय पंधरा मिनिटं उशिरा. संध्याकाळी ते एकमेकांविरुद्ध, अकरातून चार वजा, म्हणून सूर्यास्त सात मिनिटं उशिरा. २१ डिसेंबरनंतर दिवस वाढू लागतो, पण मध्यान्ह अजूनही पुढेच जात असतो, त्यामुळे सकाळ आणखी लांबते आणि संध्याकाळ भराभर पुढे जाते.

आकृतीसाठी आलेखाच्या कागदावर तारखांप्रमाणे उभ्या पट्ट्या काढा, खालचं टोक उदय, वरचं अस्त, मधे ठळक टिंब. टिंबं जोडली की तिरपी चढती रेघ दिसेल.

धागाकर्ती

किती छान! तिने लगेच वही काढली. पण पुढचा प्रश्न तयार आहे: मध्यान्ह सरकतो तरी का? पृथ्वी रोज २४ तासांतच फिरते ना?

प्रतिसाद २

हाच खरा गाभा आहे. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत एक फेरी पुरी करते. तेवढ्यात ती कक्षेत सुमारे एक अंश पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा याम्योत्तरावर यायला तिला थोडं जास्त वळावं लागतं, सरासरी चार मिनिटं. २४ तास होतात ते असे. पण ‘सरासरी’ हा शब्द तिला अधोरेखित करायला सांगा, कारण हे चार मिनिटांचं देणं रोज सारखं नसतं.

त्याची कारणं दोन. पहिलं पुन्हा तोच कललेला अक्ष. सूर्य आकाशात क्रांतिवृत्तावरून, म्हणजे ताऱ्यांमधल्या त्याच्या वर्षभराच्या वाटेवरून सरकतो, वेळ मात्र विषुववृत्ताच्या दिशेने मोजली जाते. मार्च-सप्टेंबरमध्ये सूर्याची चाल तिरपी, म्हणून त्या दिशेने कमी भरते. जून-डिसेंबरमध्ये ती विषुववृत्ताला समांतर असते आणि तीही त्यापासून दूर, जिथे रेखावृत्तं एकमेकांजवळ आलेली असतात, म्हणून जास्त भरते. दोन्ही अयनदिनांच्या (सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसाच्या) सुमारास यामुळे रोज वीसेक सेकंद जादा लागतात.

दुसरं, कक्षा लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि तेव्हाच सर्वांत वेगाने धावते. रोज आणखी आठेक सेकंद.

डिसेंबरअखेर दोन्हींची बेरीज होते. एका मध्यान्हापासून दुसऱ्यापर्यंत २४ तासांहून जवळजवळ अर्धं मिनिट जास्त. महिनाभरात पाव तासाच्या आसपास साचतं.

(मुंबईचा मध्यान्ह मुळात बाराला का नाही, असंही ती विचारेल. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला. फरक ३९ मिनिटांचा.)

प्रतिसाद ३

मी लंडनला राहते. इथेही हे जाणवतं, पण तारखा २१ डिसेंबरला चिकटून असतात. सर्वांत लवकरचा सूर्यास्त १२ डिसेंबरच्या आसपास, ३:५१ ला, आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय वर्ष संपता संपता, ८:०६ ला. लहान दिवस पावणेआठ तासांच्या थोडा वर, मोठा साडेसोळाच्याही पुढे. एवढी मोठी चढउतार असल्याने अर्ध्या मिनिटाचं सरकणं लवकर झाकलं जातं. मुंबईत वर्षभराचा फरक सव्वादोन तासांचा, म्हणून तिथे ते इतकं उघडं दिसतं. लेकीने दोन्ही शहरांचे आलेख शेजारी काढावेत असं मनापासून वाटतं.

प्रतिसाद ४

संक्रांतीबद्दल. आजींचं वाक्य प्रकल्पात जरूर घ्या, पण दोन ओळींच्या खुलाशासह. आपली पंचांगं संक्रांत निरयन पद्धतीने, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने धरतात. पृथ्वीचा अक्ष हळूहळू दिशा बदलतो, त्यालाच संपातचलन म्हणतात, ७२ वर्षांत सुमारे एक अंश. साधारण १७०० वर्षांपूर्वी मकर संक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच दिवशी येत होते. आज त्यांत तीनेक आठवड्यांहून जास्त अंतर पडलं आहे. दिवसाची लांबी २२ डिसेंबरपासूनच वाढते.

तरी मला एक गोष्ट फार आवडते. मुंबईत सूर्योदय लवकर व्हायला सुरुवात होते ती संक्रांत उलटल्यावरच. संबंध कार्यकारणाचा नाही, पण पहाटे उठणाऱ्या बाईला दिवस तेव्हापासून सुधारतोय असं वाटणं अगदी साहजिक आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आजींना शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला, त्या खूश झाल्या. दोनच गोष्टी उरल्या: मध्यान्ह गच्चीवर स्वतः मोजता येईल का? आणि जूनमध्येही असंच होतं का?

प्रतिसाद २

मोजता येईल. सपाट जागी काठी ओळंब्याने सरळ उभी करा आणि तिच्या बुंध्याभोवती एक वर्तुळ आखा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवतं ती वेळ लिहा, दुपारी पुन्हा शिवतं ती वेळ लिहा, मधली वेळ म्हणजे मध्यान्ह. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. कात्यायन शुल्बसूत्र या यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात दिशा ठरवायला हीच रीत दिली आहे. सर्वांत आखूड सावलीची वेळ टिपायला जाऊ नका, त्या सुमारास सावली बराच वेळ तेवढीच दिसते आणि पाच-दहा मिनिटं सहज चुकतात.

जूनमध्येही होतं, पण कमी. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर आणि सर्वांत संथ, म्हणून वीसातून आठ वजा होतात, रोज बारा-तेरा सेकंदच उरतात. मुंबईत सर्वांत लवकरचा सूर्योदय जूनच्या पहिल्या आठवड्यात सहाच्या सुमारास, आणि सर्वांत उशिराचा सूर्यास्त जुलैच्या पहिल्या आठवड्यात ७:२० च्या आसपास. ढगांमुळे तेव्हा काठी उपयोगाची नाही, त्या वेळा कॅलेंडरातूनच घ्या.