कॅरॅमल ॲपल घरी करायचेत, मुंबईच्या हवेत टिकतील का?

मुलुंडची_मनू
नमस्कार मंडळी, घाईत आहे म्हणून थेट विचारते. आमच्या सोसायटीत ३१ ऑक्टोबरला लहान मुलांची हॅलोविन पार्टी आहे (हो माहितीये, हे आपलं नाही वगैरे, सासूबाईंनी सगळं ऐकवून झालंय) आणि खाऊचं काम व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या गळ्यात पडलंय. लेकीने कुठलेतरी व्हिडिओ बघून ठरवलंय की काडीला लावलेले कॅरॅमल ॲपलच पाहिजेत, समोसा आणि वेफर्स चालणार नाहीत. साधारण २० मुलं आहेत, ४ पासून १२ वर्षांपर्यंतची.

काल थोडे करून बघितले. चव एकदम भारी, पण ते कॅरॅमल सफरचंदावर राहीचना. हळूहळू घसरत खाली आलं आणि बुडाशी थारोळं, वर लाल साल जशीच्या तशी चकचकीत. उरलेले फ्रिजमध्ये ठेवले तर सकाळी बाहेर काढल्यावर त्यांना घाम फुटला आणि सगळं चिकट पाणी पाणी. सफरचंदं वाण्याच्या बाजूच्या फळवाल्याकडची, इम्पोर्टेड म्हणून दिलेली, स्टिकर लावलेली. कॅरॅमल साखर, क्रीम, बटरचं. थर्मामीटर नाही आणि एका दिवसासाठी घ्यायची इच्छा पण नाही. कुणी केलेत का? आदल्या रात्री करून ठेवता येतील का?

बोरिवलीचा_बेकर
मनूताई, तुमच्या वर्णनातच निम्मं उत्तर आहे, "साल चकचकीत". ते मेण आहे. स्टिकरवाल्या सफरचंदांना हमखास असतं, मधमाशांचं, कार्नोबाचं नाहीतर शेलॅकचं. खाल्लं तर काही होत नाही, परवानगी आहे त्याला, पण कॅरॅमल त्यावर धरत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळा, त्यात चमचाभर व्हिनेगर टाका, सफरचंद झाऱ्यावर ठेवून आत सोडा आणि मनात दहापर्यंत मोजून बाहेर. जास्त ठेवलं तर साल शिजते. बाहेर काढलं की लगेच खरखरीत पंच्याने जोर लावून पुसा, साल निस्तेज दिसायला लागली पाहिजे. मग पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्या, देठाच्या खड्ड्यात पाणी साचतं तिथे टिश्यूचं टोक फिरवा, ती जागा सगळे विसरतात आणि कॅरॅमल तिथूनच सुटायला लागतं.

दुसरं म्हणजे सफरचंद फ्रिजमधलं थेट बुडवू नका. आपल्याकडच्या हवेत गार फळ बाहेर काढलं की मिनिटाभरात त्यावर दव धरतं, त्या पाण्यावर कॅरॅमल कसं बसणार. तयार ॲपल फ्रिजमधून काढल्यावर जो घाम आला तोही हाच प्रकार, वर साखर हवेतलं पाणी ओढते ते वेगळंच.

तिसरी शंका, तुमचं कॅरॅमल कमी शिजलंय. आइस्क्रीमवर ओतायचा सॉस आणि सफरचंदावर बसायचं कॅरॅमल यांत सामान सारखंच, फरक फक्त किती आटवलं याचा. याला ११८ ते १२० डिग्री लागतात. मुंबईत मी १२० च्याच बाजूला जातो.

पाककाकू
थर्मामीटर कशाला गं लागतोय, तुझ्या सासूबाईंना विचार की! गोळीबंद पाक म्हणतात तो हाच. वाटीत गार पाणी घे, त्यात कॅरॅमलचा थेंब टाक आणि बोटांनी गोळा कर. पाण्यात विरघळलं किंवा पसरलं तर अजून वेळ आहे. गोळी झाली पण बाहेर काढल्यावर बोटावर चपटी होऊन बसली तरी अजून थोडं. गोळी झाली, बाहेर काढल्यावर आकार धरून राहिली आणि दाबली की दबते, तेव्हा लगेच गॅस बंद. ताटलीत टाकल्यावर टण्ण वाजली तर पुढे गेलीस, तो चिक्कीचा पाक झाला, मुलांचे दात त्यात अडकतील. आणि गोळी बघायच्या वेळी गॅस बारीक ठेव, नाहीतर तू वाटीत बोटं घालून बसशील आणि तिकडे पाक पुढे पळेल.

आम्ही संक्रांतीला चिक्कीच्या गुळाचा पाक असाच बघतो. खरं सांगू का, साखरेऐवजी अर्धा चिक्कीचा गूळ घालून बघ, रंग आणि खमंगपणा दोन्ही येतो, वर चिमूटभर मीठ. दूध किंवा क्रीममध्ये गूळ घालताना मात्र जपून, काही गूळ आंबूस असतो आणि दूध फाटतं. आधी चमचाभर गरम दुधात खडा टाकून बघ.

दादरकर_आबा
एवढी यातायात करण्यापेक्षा मुलांना सरळ चिक्की द्या की. नाहीतर पेरू कापून तिखटमीठ. आमच्या वेळी शाळेबाहेर मिळायचा तो, काडी पण लागायची नाही. (चालू द्या तुमचं, मी येणारच आहे खायला.)

मुलुंडची_मनू
@आबा या या, भूत बनून यावं लागेल पण 😀

@बेकर थँक्यू!! मेणाचं डोक्यातच आलं नव्हतं. मग देशी सफरचंद घेऊ का? आणि माझं कॅरॅमल एकदा मधेच दाणेदार पण झालं, वाळूसारखं, ते का? सगळ्या इंग्रजी रेसिपीत कॉर्न सिरप आहे, ते कुठे मिळतं?

@काकू सासूबाईंना विचारलं, म्हणाल्या "मला वाटलंच होतं, शेवटी पाकच ना". आता त्या स्वतः उभ्या राहणार आहेत गॅससमोर, मला बाजूला केलंय.

बोरिवलीचा_बेकर
देशीच घ्या. ऑक्टोबरअखेर काश्मीरचा माल बाजारात भरपूर असतो आणि किन्नौरचा पण येतो. किन्नौर मिळालं तर डोळे झाकून घ्या, कडक आणि करकरीत असतं. डेलिशियस जातीचं घेणार असाल तर एक तिथेच कापून मागा, पिठूळ निघालं तर सोडून द्या, गरम कॅरॅमलखाली ते अजून मऊ पडतं. हिरवी ग्रॅनी स्मिथ चवीला सगळ्यात बेस्ट कारण ती आंबट, पण महाग पडतात आणि मुलांना लाल रंग हवा असतो. लहान आकाराची निवडून घ्या, फळवाले ती स्वस्तात देतात. ४ वर्षांच्या मुलाला मोठं सफरचंद काडीवर पेलत पण नाही, अर्धं खाऊन आईच्या हातात.

दाणेदार होण्याचं कारण, साखर परत स्फटिक व्हायला बघत असते. कढईच्या कडेला उडालेला एक दाणा आत पडला तरी सगळं बिघडतं. कॉर्न सिरप त्याला अडवतं. आपल्याकडे त्याच्या जागी लिक्विड ग्लुकोज वापरा, क्रॉफर्ड मार्केटला केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतं, आता उपनगरांत पण बेकिंगच्या दुकानात डबे असतात. हाताला पाणी लावून काढा नाहीतर चमचा, डबा, तुम्ही सगळे एकत्र चिकटाल. तेही नाही मिळालं तर साखर विरघळताना थोडा लिंबाचा रस, पण ते फक्त साखर पाण्याच्या पाकात, दूध घालायच्या आधी.

क्रीमचं म्हणाल तर आपलं टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटचं असतं, बाहेरच्या रेसिपी ३५ च्या वरचं धरून लिहिलेल्या असतात. त्यामुळे आपल्याला जास्त वेळ आटवावं लागतं आणि लोक कंटाळून आधीच गॅस बंद करतात. तुमचं तसंच झालं असणार. म्हणून मी क्रीम घेतच नाही, कंडेन्स्ड मिल्क घेतो. एक ४०० ग्रॅमचा डबा, २ कप ब्राउन शुगर, १ कप लिक्विड ग्लुकोज, २०० ग्रॅम बटर. बटर आपलं नेहमीचं खारट असेल तर वेगळं मीठ नको. एवढ्यात लहान १०-१२ होतात, तुम्हाला दोन घाणे करावे लागतील, एकदम दुप्पट करू नका, घरच्या गॅसवर ते नीट आटत नाही आणि उतू जातं. जाड बुडाची खोल कढई, मध्यम आच, आणि सतत ढवळणं, एक मिनिट फोन उचललात तर बुडाला लागलं समजा. बुडाला लागलंच तर खरवडू नका, वरचं दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या, काळे कण आत आले की कडू.

गॅस बंद केल्यावर लगेच बुडवू नका, बुडबुडे बसू द्या, थोडं दाट होऊ द्या. खूप पातळ असताना बुडवलं की परत तेच थारोळं. कढई तिरकी करून सफरचंद फिरवायचं, उचलायचं, उलटं धरून निथळू द्यायचं, आणि बूड कढईच्या काठावर पुसून घ्यायचं. मग तूप लावलेल्या बटर पेपरवर. तूप विसरलात तर कागदासकट खावं लागेल, नुसत्या बटर पेपरवर ते चिकटतं. दाण्याचं कूट, किसलेलं चॉकलेट वगैरे लावायचं असेल तर लगेच, मिनिटाभरात वरचा थर धरतो.

आणि हे सगळं चालू असताना मुलं स्वयंपाकघराच्या बाहेर. १२० डिग्रीचा पाक हातावर पडला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून भाजत राहतो. शेजारी गार पाण्याचं पातेलं भरून ठेवा.

फक्त_वाचक
एरवी लिहीत नाही पण आदल्या रात्रीचा प्रश्न राहूनच गेला म्हणून. नका करू. करायचेच तर सकाळी करा आणि त्याच दिवशी संपवा. अमेरिकेत २०१४ साली पॅकबंद कॅरॅमल ॲपलमधून लिस्टेरिया नावाच्या जंतूची साथ आली होती, १२ राज्यांत ३५ माणसं आजारी पडली, काही दगावली. गंमत अशी की नुसतं सफरचंद आंबट असतं आणि कॅरॅमलमध्ये पाणी फार कमी, दोन्हीत हा जंतू एरवी वाढत नाही. पण काडी खुपसली की आतला रस वर येतो आणि साल आणि कॅरॅमलच्या मधे अडकून राहतो, तिथे त्याला हवं ते सगळं मिळतं. नंतर प्रयोग केला त्यात काडीवाल्या सफरचंदांवर २५ डिग्रीला तीन दिवसांत जंतू हजारपटीहून जास्त वाढले, फ्रिजमध्ये ठेवलेल्यांवर तसे वाढले नाहीत. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये घरात २५ डिग्री कुठे असतात. एका दुपारसाठी घाबरायचं कारण नाही, पण सफरचंद नीट धुणं आणि काड्या स्वच्छ असणं महत्त्वाचं, आणि उरलेले "उद्या डब्यात देते" असं करू नका. सोसायटीत कुणी गरोदर असेल तर तिला ताजंच द्या.

दातपाडे
डेंटिस्ट आहे, त्यामुळे या धाग्यावर मी खलनायक. ब्रेसेसवाल्या मुलांना हे देऊ नका प्लीज, १०-१२ वर्षांची असतील तर दोन-चार तरी निघतीलच. सोमवारी माझ्यासारख्या कुणाकडे तुटलेली ब्रॅकेट घेऊन येतात. आणि चार-पाच वर्षांच्यांना अख्खं नको, काप करा, वर कोमट कॅरॅमल. काप काळे पडू नयेत म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा आणि लावायच्या आधी कोरडे करा. दाण्याचं कूट वेगळ्या ताटलीत ठेवा, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का हे ग्रुपवर आधी विचारा.

पाककाकू
एक राहिलं. वर मार्शमॅलो लावायचे असतील तर पाकिटावर हिरवा ठिपका बघ, बऱ्याचदा त्यात जिलेटिन असतं. मुलुंडला निम्मी सोसायटी गुजराती आणि जैन असणार, उगाच नंतर चर्चा नको.

मुलुंडची_मनू
बापरे केवढी माहिती, सगळ्यांना धन्स. मग असं ठरवते, लहानांना काप आणि वाटीत कॅरॅमल, मोठ्यांना काडीवाले, ब्रेसेसवाल्यांना पण काप. सकाळी ११ ला सुरू करून ६ च्या आत सगळं. हॉलला एसी नाहीये, तोपर्यंत घरी बेडरूममध्ये एसी लावून ठेवते, नवऱ्याला हॉलमध्ये झोपू दे दुपारी. मार्शमॅलो कॅन्सल. ग्रुपवर ॲलर्जीचं विचारलं तर आत्तापर्यंत फक्त एकीने "माझ्या मुलाला साखर देत नाही" असं कळवलंय, आता तिला काय उत्तर देऊ.

शेवटचं विचारते, काड्या कुठल्या? घरी बार्बेक्यूच्या बांबूच्या आहेत, लांब, टोकदार.

बोरिवलीचा_बेकर
त्या मुलांच्या हातात नकोत. पळापळीत कुणाच्या डोळ्यात जाईल. कुल्फीच्या जाड चपट्या काड्या घ्या, केकच्या सामानाच्या दुकानातच मिळतील. देठाच्या बाजूने खुपसायच्या, पाऊण सफरचंदापर्यंत, आरपार नाही, आरपार गेली की रस खालून गळतो. आणि मेण काढून सफरचंद सुकल्यावरच खुपसा, आधी नाही.

दादरकर_आबा
साखर न खाणाऱ्या मुलाला पेरू. तिखटमीठ मी घेऊन येतो.