आक्रमक, धोकादायक की हिंस्र? कुत्र्याविरुद्धच्या अर्जात नेमका शब्द कोणता

प्रश्न (म्हापसा): पंचायतीला मराठीत अर्ज द्यायचा आहे. शेजारच्या बंगल्यातला पाळीव कुत्रा फाटकाखालच्या फटीतून रस्त्यावर येतो आणि सायकलवरच्या पोरांच्या अंगावर धावतो. अजून कोणाला चावलेला नाही. वर्तमानपत्रांत तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. मी कोणता लिहू?

उत्तर (फोंडा): 'आक्रमक' हे त्या वेळच्या वागण्याचं वर्णन. पिल्लांजवळ किंवा ताटापाशी गुरगुरणारा कुत्रा एरवी गरीब असू शकतो.

'धोकादायक' हा कित्येक देशांत कायद्याने दिलेला दर्जा आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये नगर परिषद मालकाला नोटीस देऊन कुत्रा 'धोकादायक' म्हणून घोषित करते. कॅलिफोर्नियात 'संभाव्य धोकादायक' असा दर्जा आहे. मालकाच्या आवाराबाहेर, कोणी डिवचलेलं नसताना, 36 महिन्यांत दोनदा कुत्र्यापासून बचाव करण्याची पाळी माणसावर आली, तर तेवढ्याने कुत्रा त्या दर्जात मोडतो. चावलाच पाहिजे असं नाही. तुमचं प्रकरण अगदी असंच आहे.

'हिंस्र' मराठीत वाघ-बिबट्यांसाठी. कुत्र्यांच्या बातम्यांत तो रुळला तो जातींवरच्या बंदीमुळे. केंद्राने 12 मार्च 2024 च्या परिपत्रकात 23 जातींची यादी दिली, एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. गोवा विधानसभेने 2025 मध्ये संमत केलेल्या विधेयकाचा रोखही जातींवरच आहे. (बातम्यांत 'प्रजाती' लिहितात ते चूक. पिटबुल ही जात. प्रजाती सगळ्या कुत्र्यांची एकच.) म्हणजे 'हिंस्र' म्हणताना कुत्र्याने काय केलं हे कोणी विचारतच नाही, तो कोणत्या जातीचा एवढंच बघतात. मला हे पटत नाही. पोरांच्या अंगावर धावणारा कुत्रा गावठी असला तर तो यादीत कुठून सापडणार?

आता आपल्याकडचं कलम बघा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये कुत्र्याला विशेषणच नाही. ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना पुरेशी काळजी न घेणं, हा मालकाचा गुन्हा. शिक्षा 6 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा अर्जात मालकाची हयगय दिसली पाहिजे.

भर (डिचोली): भटक्या कुत्र्याबद्दल लिहिताना 'आक्रमक' फार जपून वापरा. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी आणि लसीकरण झालेले कुत्रे मूळ जागी सोडायला सांगितलं, पण रेबीज झालेले, तसा संशय असलेले आणि आक्रमक वागणारे वगळून. आक्रमक कोणाला म्हणायचं याचे निकष त्यात नाहीत. रागाच्या भरात लिहिलेल्या एका शब्दापायी पिल्लं राखणारी कुत्री कायमची उचलली जाऊ शकते.

प्रश्न (म्हापसा): 'पिसाळलेला' चालेल? वाड्यावर सगळे 'पिशें सुणें'च म्हणतात.

उत्तर (फोंडा): मुळीच नको. तो रेबीजचा शब्द, लोक उगाच घाबरतील. असं लिहा: 'अमुक तारखेला संध्याकाळी सदर कुत्रा पट्ट्याविना, फाटकाखालच्या फटीतून सार्वजनिक रस्त्यावर आला व सायकलवरून जाणाऱ्या मुलांच्या अंगावर धावून गेला. मालकास यापूर्वी तोंडी कळवले होते. फट अद्याप बुजवलेली नाही.' फटीचा फोटो जोडा. कोणी पडलं, खरचटलं असेल तर तेही तारखेसकट लिहा.