घरची व्हिस्की: बरणीत ओकची कांडी टाकली की ती मुरली का?

ओटागोकर (धागाकर्ता)
न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला परवानगी आहे, विकायला नाही. (भारतात हे सरळ बेकायदा आहे. तिथल्या वाचकांनी फक्त वाचावं.) त्यामुळे इथल्या बऱ्याच मराठी मंडळींच्या गराजमध्ये छोटं स्टिल (दारू गाळायचं यंत्र) असतं. पण पुढे काय होतं? भाजलेल्या ओकच्या कांड्या आणायच्या, बरणीत टाकायच्या, रंग सोनेरी झाला की 'एज्ड' म्हणून पाहुण्यांपुढे ठेवायची. मला हे अजिबात पटत नाही. रंग आणि तुरटपणा लाकडातून पहिल्या काही आठवड्यांतच उतरतो. कच्च्या दारूचा उग्रपणा जाणं, हवेशी संथपणे होणारी प्रक्रिया, आम्लं आणि अल्कोहोल मिळून एस्टर (फळांसारखा वास देणारे पदार्थ) तयार होणं, याला वेळच द्यावा लागतो. स्कॉच म्हणवून घ्यायला ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं काढावी लागतात, ती उगीच नाही. घरी ३ वर्षं जमणार नाहीत, मान्य. पण वर्षभर तरी बरणीला हात लावू नका.

भट्टी_नेल्सन
सहमत नाही. लाकडाला आपण नको तेवढं श्रेय देतो. व्हिस्की घडते ती स्टिलवर, कट घेताना, म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा खराब माल वेगळा काढून मधलाच ठेवताना. मी सगळा माल छोट्या छोट्या बरण्यांत ओळीने धरतो, तोंडावर फडकं बांधून रात्रभर ठेवतो आणि सकाळी एकेक हुंगतो. सुरुवातीच्या बरण्यांना नेलपॉलिश काढायच्या द्रावणाचा वास येतो, शेवटच्यांना ओल्या पुठ्ठ्याचा. त्या निर्दयपणे बाजूला काढाव्या लागतात. लोकांना जीव होत नाही, 'ओक सांभाळून घेईल' म्हणून सगळं एकत्र ओततात. ओक काहीही सांभाळत नाही. मेथॅनॉल हे विषारी अल्कोहोल तर लाकूड काढतच नाही, हे तरी सगळ्यांनी ध्यानात ठेवा. चांगल्या बार्लीची, नीट कापलेली ताजी दारू थोडं पाणी घालून प्या. धान्याचा गोडवा येतो, पिकल्या नाशपतीचा वास येतो. ते सगळं तुम्ही वर्षभर लाकडाखाली पुरता.

रसायनवाली
ओटागोकर, वेळेचं बरोबर आहे, पण तो वेळ कशात हे तुम्ही सांगितलंच नाही. ओक भाजला की त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास) सुटतं, हेमिसेल्युलोजच्या साखरा कॅरमल होतात आणि नारळासारखा वास लॅक्टोनचा असतो. वरचा जळका थर गंधकाची घाण शोषतो. त्यामुळे 'ओक काहीही सांभाळत नाही' हेही खरं नाही, भट्टीदादा.
पण पिंपात लाकडाची एकच बाजू दारूला लागते. बरणीतल्या कांडीला सगळ्या बाजूंनी दारू लागते, शिवाय आडवी कापलेली टोकं, तिथून तर सगळं भराभर उतरतं. साधा हिशेब करा: ५ लिटरच्या पिंपात दर लिटरमागे लाकूड २०० लिटरच्या पिंपाच्या साडेतीन पट. बरणीत वर्षभर कांडी ठेवली तर जीभ आवळणारा काढा होईल. मी ६० टक्के अल्कोहोलच्या आसपासचा माल भरते, दर आठवड्याला चमचाभर पाणी घालून चाखते आणि तुरटपणाची पहिली चाहूल लागताच कांडी काढते. पुढचा काळ नुसत्या काचेत, वर थोडी हवा ठेवून.

ओटागोकर
कांडी लवकर काढायची, हे मान्य. मी वर्ष म्हणालो ते पिण्याआधीचं, आणि त्यावर मी ठाम आहे.

ऑकलंडचा_पुणेकर
वर्ष कुठलं पण? बंगळुरूत अमृत या व्हिस्की कंपनीच्या पिंपातून वर्षाला १० टक्क्यांच्या वर माल उडून जातो, स्कॉटलंडात साधारण २ टक्के. म्हणून तिथली चार-पाच वर्षांची व्हिस्की पोरकट लागत नाही. माझ्या गराजचं पत्र्याचं छप्पर उन्हाळ्यात तापतं, रात्री गार पडतं आणि त्या फरकाने दारू लाकडात आत-बाहेर होते. तिकडे ओटागोत, डुनेडिनच्या थंडीत बसून ठरवलेला आकडा सगळ्यांवर लादू नका.

सुतारकाका
वेळेवरून भांडा, पण लाकूड कुठलं घेता ते कुणीच विचारेना. परवा एकाने डेक बांधून उरलेले पाइनचे तुकडे भाजून बरणीत टाकू का, असं विचारलं. माझे हातपाय गार पडले. इथलं बाहेरच्या कामाचं पाइन बहुधा तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं असतं. ते जाळायचंही नसतं, दारूत टाकायची तर बातच सोडा. जुन्या पिनो न्वारच्या (रेड वाईनच्या) पिंपाच्या फळ्या मिळतात, त्या उत्तम. मात्र पिंपात गंधक जाळलेलं असतं आणि वाईन आत शिरलेली असते, म्हणून रंधा मारून कोरं लाकूड लागेपर्यंत तासा आणि पुन्हा भाजा. मी कोळसा होईपर्यंत जाळत नाही, खरपूस वास सुटला की थांबतो.

भट्टी_नेल्सन
सुतारकाका, हे वर चिकटवून ठेवायला हवं.
ओटागोकर, तुम्हाला एकच विनंती. पुढच्या खेपेचा निम्मा माल लाकडाशिवाय काचेत ठेवा, निम्मा तुमच्या पद्धतीने. वर्षाने दोन्ही ग्लास न सांगता घरच्यांपुढे ठेवा. आणि कट कुठे घेतलात, तेही लिहा. अजून तुम्ही त्याबद्दल एक ओळ लिहिलेली नाही.