पहिलाच गेमिंग पीसी, बजेट ठरलेलं: ही यादी जमेल का?

जुळणी_पहिली

घरीच जुळणी करून गेमिंग पीसी बांधायचा आहे. खेळणार १०८०पी वरच: वॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ रोज, अधूनमधून मोठे सिंगल-प्लेअर गेम. २४ इंची १४४ हर्ट्झचा मॉनिटर आहे, त्यामुळे तो हिशेबात धरू नका. एकूण रक्कम वाढवता येणार नाही, पण यादीतल्या यादीत इकडचे पैसे तिकडे करता येतील.

प्रोसेसर: रायझन ७ ५७००जी
मदरबोर्ड: ए५२०, दोन रॅम स्लॉट
रॅम: डीडीआर४ ३२००, १६ जीबीची एकच स्टिक
ग्राफिक्स कार्ड: आरएक्स ६५०० एक्सटी, ४ जीबी
एसएसडी: ५१२ जीबी एनव्हीएमई
कूलर: २४० मिमी लिक्विड
एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा): कॅबिनेटबरोबर येणारा, ५०० वॅट लिहिलेला
कॅबिनेट: पुढे काच, तीन आरजीबी पंखे

आठ कोअर घेतले की जास्त वर्षं चालेल असा विचार आहे. कार्ड ४ जीबीचं असलं तरी ६००० सीरिजचं आहे, तेव्हा जुन्या कार्डांपेक्षा बरंच ना?

---

लेन_मोजा

पैसा प्रोसेसर आणि कूलर खाऊन बसलेत, कार्ड उपाशी राहिलंय. मॉनिटर सोडून उरलेल्या रकमेतले साधारण ४० टक्के एकट्या कार्डावर जायला हवेत.

६५०० एक्सटीला पीसीआयईच्या (कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या मार्गाच्या) चारच लेन आहेत. पीसीआयई ४.० आवृत्तीच्या स्लॉटमध्ये त्या चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी डेटा जातो, ३.० मध्ये त्याच्या निम्मा. ए५२० बोर्ड ३.० चा आहे, आणि ५७००जी प्रोसेसरही ३.० चाच, म्हणजे नुसता बोर्ड बदलूनही सुटका नाही. कार्डाची मेमरी भरपूर असती तर हे फारसं जाणवलं नसतं. इथे ती ४ जीबीच आहे. गेमच्या सेटिंगमध्ये टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रं) हायवर नेलं की ती भरते, उरलेला डेटा सिस्टिमच्या रॅममध्ये जातो आणि लागेल तेव्हा त्याच चार लेनमधून ओढून आणावा लागतो. मग सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) बरा दिसतो, पण वळण घेतलं किंवा नवा भाग उघडला की गेम अडखळतो. शिवाय या कार्डात हार्डवेअर व्हिडिओ एन्कोडर नाही, त्यामुळे रेकॉर्डिंगचा भार प्रोसेसरवर येतो. सीरिजचा आकडा बघून कार्ड घेऊ नका. मेमरी, बसची (मेमरीला जोडणाऱ्या वाटेची) रुंदी आणि लेन या तीन गोष्टी बघा.

त्याऐवजी आरएक्स ६६००. ८ जीबी, १२८ बिटची बस (६५०० एक्सटीची ६४), आठ लेन. ३.० च्या बोर्डावरही आठ लेन असल्यामुळे नुकसान किरकोळ.

प्रोसेसर रायझन ५ ५६०० करा. 'जी'वाल्या चिपमध्ये ग्राफिक्सला जागा द्यावी लागते आणि एल३ कॅशे (चिपमधलीच झटपट मेमरी) १६ एमबीवर येते. ५६०० मध्ये ती ३२ एमबी आहे. तुम्ही रोज खेळणार ते दोन्ही गेम प्रोसेसर आणि कॅशेवर चालणारे, त्यामुळे सहा कोअरचा ५६०० तिथे आठ कोअरच्या ५७००जीच्या पुढेच राहतो. वेगळं कार्ड घेणारच आहात, तर आतल्या ग्राफिक्सचे पैसे कशाला मोजायचे? एक लक्षात असू द्या: ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

लिक्विड कूलर काढून टाका. ५६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर आहे आणि बॉक्समध्ये कूलर येतो. आवाज थोडा करतो, पण काम भागतं.

रॅम ८ च्या दोन स्टिक. एकाच स्टिकवर मेमरीची बँडविड्थ निम्मी होते आणि त्याचा फटका सरासरीपेक्षा किमान एफपीएसला जास्त बसतो.

---

बारा_व्होल्ट

वरच्या सगळ्याला +१. पण यादीतली सगळ्यात धोक्याची ओळ एसएमपीएसची आहे.

त्याच्या अंगावरचं लेबल वाचा. ५०० वॅट हा मोठा आकडा सोडा, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. चांगल्या ५५० वॅटच्या युनिटवर तिथे ४५ अँपिअरच्या आसपास दिसतं, म्हणजे ५४० वॅट. कॅबिनेटबरोबरच्या डब्यावर बरेचदा १८-२० अँपिअर सापडतात. २० गुणिले १२ म्हणजे २४० वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून ५०० ची बेरीज जुळवलेली असते.

आता तुमची गरज. ५६०० स्टॉक सेटिंगवर जास्तीत जास्त ७६ वॅट, ६६०० चे १३२, बोर्ड-रॅम-पंखे-एसएसडी मिळून ४०-५०. झाले २५० च्या घरात. त्यावर कार्ड क्षणभर उसळी मारतं ते वेगळंच. अशा वेळी कमकुवत युनिटवर गेम ऐन रंगात असताना पीसी बंद पडतो आणि माणूस रॅम-विंडोज तपासत बसतो. चांगल्या कंपनीचं ४५० वॅट पुरतं. ५५० घेतलंत तर पुढे मोठं कार्ड लावता येईल.

'८० प्लस' हे कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र आहे, सुरक्षिततेचं नाही. त्या मॉडेलचा आतून उघडून केलेला रिव्ह्यू शोधा. ओव्हर करंट, ओव्हर पॉवर आणि शॉर्ट सर्किट ही संरक्षणं आहेत का ते बघा. आणि ८ पिनची पीसीआयई केबल एसएमपीएसमधूनच आली पाहिजे. साटा पॉवरवरून ८ पिन करणारी जोडकेबल मिळते, ती घेऊ नका. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरचा, म्हणजे ५४ वॅटचा, आणि ८ पिनवरून कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं. प्लास्टिक वितळतं ते तिथेच.

---

पुढचा_सॉकेट

मी वेगळं सुचवतो. एएम४ सॉकेटवर (तुमच्या यादीतला प्रोसेसर बसतो तो) आता पुढची पिढी येणार नाही. त्यानंतरच्या एएम५ चा बोर्ड आणि डीडीआर५ घेतली तर तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून भागेल.

---

लेन_मोजा

बरोबर आहे, पण रक्कम ठरलेली असताना नाही. बोर्ड आणि डीडीआर५ चा फरक शेवटी कार्डातूनच वजा होतो. एएम५ घेऊन ४ जीबीचं कार्ड लावण्यापेक्षा एएम४ वर ८ जीबीचं कार्ड कधीही चांगलं. कार्डाला हात न लावता ५६०० वरून एएम५ च्या रायझन ५ ७६०० वर जाता येत असेल तर जरूर जा. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, तेव्हा आज घेतलेली रॅम तिकडे चालणार नाही, हेही धरून चाला.

---

जुळणी_पहिली

धन्यवाद. बदललेली यादी: ५६००, बी५५०, ८ च्या दोन स्टिक, ६६००, ५५० वॅट. कॅबिनेट साधं, पुढे जाळीचं. एसएसडी १ टीबी करायची तर थोडे पैसे कमी पडतात. त्यासाठी बी५५० सोडून ए५२० वर यावं का? की कार्ड सेकंडहँड बघावं? आणि जुळणी करताना नवखे लोक नेमके कुठे चुकतात?

---

लेन_मोजा

ए५२० वर या, बिनधास्त. ६५ वॅटचा प्रोसेसर तो आरामात पेलतो, आणि आठ लेनचं ८ जीबीचं कार्ड असल्यावर ३.० ची अडचण नाही. फक्त स्टॉक जुना नाही ना ते बघा. ए५२० आणि बी५५० दोन्ही २०२० मध्ये रायझन ५००० सीरिजच्या आधी आले, त्यामुळे सुरुवातीच्या बायोसला (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरला) ५६०० ओळखता येत नाही. खोक्यावर 'रायझन ५००० रेडी' असा स्टिकर हवा, किंवा बोर्डावर प्रोसेसरशिवाय बायोस बदलायचं फ्लॅशबॅक बटण हवं. मोठे गेम एकेक १०० जीबीच्या पुढे जातात, तेव्हा १ टीबीचा फायदा पहिल्या महिन्यातच दिसेल.

सेकंडहँड कार्ड पीसीत चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून शेडरची (कार्डातल्या गणना करणाऱ्या भागांची) संख्या आणि मेमरी जुळते का बघा. आरएक्स ५८० च्या नावाने २३०४ ऐवजी २०४८ शेडरचीही कार्डं विकली जातात. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी) १५ मिनिटं चालवा. ठिपके किंवा पट्टे उमटले, पंखा खरखरला, तापमान वाढतच राहिलं, तर नको. मागचे सगळे पोर्ट केबल लावून तपासा, एखादा मेलेला असतो.

---

पेचकस

जुळणीबद्दल मी सांगतो. हीटसिंक किंवा एसएसडीचा स्क्रू हरवण्यासारख्या किरकोळ चुका सोडून देतो, महागात पडतात त्याच घेतो.

बोर्ड खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून त्यावर प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि कूलर आधी बसवा. एएम४ च्या प्रोसेसरला पिना खाली असतात. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा, लिव्हर पूर्ण वर करा आणि प्रोसेसर नुसता सोडा. तो स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे, वरून दाब द्यायचा नाही.

बॉक्समधला कूलर चार स्क्रूंचा आहे, आणि बोर्डावर प्लास्टिकचे दोन हुकवाले ब्रॅकेट आधीच लावलेले असतात. ते काढावे लागतात, आणि काढले की मागची धातूची प्लेट खाली पडते. ती मागून हाताने धरून ठेवा. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यात, दोन-दोन फेरे देत फिरवा. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला तर कूलर तिरका बसतो आणि तापमान वाढतं. पेस्ट खाली लावलेलीच असते, तिला बोट लावू नका. पुढे कधी कूलर काढाल तेव्हा आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करा आणि कूलर डावी-उजवीकडे फिरवून सैल करा. सरळ वर ओढलात तर लिव्हर बंद असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

कॅबिनेटमध्ये स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) फक्त बोर्डाला भोक आहे तिथेच हवेत. छोट्या बोर्डाखाली एखादा जादा राहिला तर तो मागच्या सोल्डरला टेकून शॉर्ट करतो. मागची आयओ पट्टी (पोर्टभोवतीची चौकट) वेगळी आली असेल तर ती बोर्डाआधी लावा, नाहीतर सगळं परत उघडावं लागतं.

८ पिनच्या केबल दोन प्रकारच्या. प्रोसेसरची ४+४ अशी सुटते, कार्डाची ६+२ अशी. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात, म्हणून खाच बसत नसेल तर जोर लावू नका. मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) एसएमपीएस असेल तर दुसऱ्या मॉडेलची केबल अजिबात नको. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक वेगळी असते, चुकीच्या केबलने एसएसडी जळते.

पंखे फिरतायत पण स्क्रीन काळी, असं झालं तर बोर्डावरचे छोटे दिवे बघा. सगळ्याच बोर्डांवर नसतात, पण असले तर अर्धं काम झालं. 'सीपीयू' पेटला तर वरच्या कोपऱ्यातली ४+४ केबल विसरलात किंवा बायोस जुना आहे. 'डीरॅम' पेटला तर स्टिक अर्धवट बसलीय. दोन्ही टोकांना टक आवाज येईपर्यंत दाबा, तरी नाही झालं तर एकेक स्टिक लावून बघा. 'व्हीजीए' पेटला तर कार्डाची ८ पिन. दिवे नसतील तर याच क्रमाने तपासा.

---

जुळणी_पहिली

दोन स्लॉटच्या ए५२० वर स्टिक कुठल्याही क्रमाने चालतील ना? आणि पुढे चार स्लॉटचा बोर्ड घेतला तर?

---

पेचकस

दोनच स्लॉट असतील तर दोन्ही भरा, प्रश्न मिटला. चार असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा, बोर्डावर ए२ आणि बी२ छापलेलं असतं.

विंडोज टाकायच्या आधी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. नाही केलं तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर पडून राहते आणि कोणी सांगायलाही येत नाही. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग दिसतो, तिथे खात्री करा. चालू केल्यावर पीसी अडखळत सुरू होत असेल तर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) ची एक पूर्ण फेरी होऊ द्या. एकही एरर आली तर स्टिक बदलून घ्या.

मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लावा, बोर्डाच्या नाही. विंडोज पहिल्यांदा ६० हर्ट्झ धरून बसतं, ते ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १४४ करावं लागतं. तासभर गेम खेळून एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोसेसरचं तापमान बघा. ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे. बॉक्सच्या कूलरवर ७५-८० ठीक. ९० ला टेकून क्लॉक (प्रोसेसरचा वेग) खाली येत असेल तर कूलरचे स्क्रू पुन्हा बघा, आणि बाकी काही करण्याआधी त्याच्या पंख्याची केबल बोर्डावर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच लावलीय ना ते तपासा.