२ सप्टेंबर १९६३: यशवंतरावांनी लोकसभेत खापर जवानांवर फोडलं होतं का?

तृतीय_वर्ष_राज्यशास्त्र
नमस्कार. कॉलेजच्या प्रकल्पासाठी विचारतेय. १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल गोपनीय आहे, पण त्यावर संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत निवेदन केलं होतं. आमचे सर म्हणतात, त्यात सगळं खापर सैन्यावर फोडून नेहरूंना वाचवलं. मैत्रिणीचं म्हणणं नेमकं उलट. मी मूळ इंग्रजी निवेदन अर्धं वाचलं आणि सरकारी भाषेनं डोकं उठलं. कोणी पूर्ण वाचलंय का?

गप्पिष्ट
त्यापेक्षा काँग्रेस खासदार महावीर त्यागींचा किस्सा घाल. नेहरू म्हणाले, अक्साई चीनमध्ये गवताचं पातं उगवत नाही. त्यागींनी आपलं टक्कल दाखवलं, इथंही काही उगवत नाही, मग हेही देऊन टाकायचं का? सर खूश!

कराडचा_मेस्त्री
किस्सा झकास आहे, पण पोरीनं विचारलंय एक आणि उत्तर भलतंच.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवायचो, आता निवृत्त. निवेदन अथपासून इतिपर्यंत वाचलंय, नातवाला शेजारी बसवून, डिक्शनरी घेऊन. आधीच सांगतो, आम्ही कराडचे. घरात यशवंतराव साहेबांचा फोटो देवांच्या रांगेत. तेव्हा माझ्या बोलण्यातून रुपयाचे चार आणे वजा करून घे.

माझे वडील, आबा, ए.एस.सी.त, म्हणजे सैन्याच्या रसद-वाहतूक दलात, ड्रायव्हर. बासष्टला आसामातल्या मिसामारीहून वर, आजच्या अरुणाचलातल्या बोमडिल्याकडे रसद न्यायचे. त्रेसष्टला रजेवर आले तेव्हा मी आठ वर्षांचा. पारावर एकानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय, चिनी बघितला का नुसतीच पाठ दाखवली?" आबा उठून घरी आले, जेवले नाहीत. उरलेली रजा पारावर फिरकले नाहीत.

आता तुझा प्रश्न. जवानाबद्दल साहेब जे बोलले ते असं, की बहुतेकांना मैदानी मुलखातून घाईघाईनं वर नेलं, उंचीवरच्या हवेची सवय व्हायला वेळ मिळाला नाही, तरीही अधिकारी आणि जवान त्या हवामानात टिकले. ही शाबासकीच आहे. मग दोष कुणाला? वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना, स्पष्टपणे. प्रशिक्षण त्या डोंगराळ मुलखाच्या आणि चिनी युद्धपद्धतीच्या अंगानं झालं नव्हतं. गुप्तवार्ता मिळायला उशीर, मिळाली तरी मोघम. आणि वरच्या मुख्यालयांना बारीकसारीक लुडबुड करायची खोड लागलेली, कुठली तुकडी कुठं न्यायची हेसुद्धा वरून ठरायचं. जागेवरचा निर्णय जागेवरच्या सेनाधिकाऱ्यानं घ्यायचा असतो, हे त्यांनी सभागृहात सांगितलं. नावं मात्र कुणाचीच घेतली नाहीत.

तुझ्या सरांनी बहुधा इथंच कागद मिटला. पुढं एक वाक्य आहे. सैन्य कितीही मोठं आणि सुसज्ज असलं तरी त्याला धोरणाची दिशा आणि मोठे आदेश सरकारनं द्यायचे असतात, आणि ते आदेश सैन्याच्या आकाराशी नि साधनसामग्रीशी मेळ खाणारे हवेत. बघ बरं, हे कोण म्हणतंय? नेहरूंच्याच मंत्रिमंडळातला संरक्षणमंत्री. आधीचे संरक्षणमंत्री मेनन पायउतार होऊन वर्षही झालेलं नाही, पंतप्रधान तेच. सातारी माणूस असाच बोलतो, आवाज न चढवता.

मला सगळ्यात भिडला तो वाहनांचा भाग (धंदाच तो आमचा). सामान देशात नव्हतंच असं नाही, मैदानाच्या टोकापर्यंत पोचतही होतं, तिथून वर वेळेत जात नव्हतं. रस्ते धड नाहीत, वाहनं कमी, त्यातही ताफा फार जुना आणि उभ्या चढांवर चालायला अपुरा. आबा सांगायचे, चढावर दर थोड्या अंतरानं इंजिन तापायचं, आणि रात्री थंडीत पाणी गोठून ब्लॉक फुटू नये म्हणून रेडिएटर रिकामा करून झोपायचं. गुरुजींनी पेपरातून निवेदन वाचून दाखवलं तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "गाडी चढत नव्हती हे दिल्लीला कळायला वरीस लागलं व्हय?"

शंकेखोर
काका, सगळं मान्य. पण अहवाल दडपला हे तर खरं? लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांना चौकशीचा आवाकाच लष्करापुरता दिला होता. प्रशिक्षण, सामग्री, कमांडची व्यवस्था, जवानांची तंदुरुस्ती, कमांडरांची कुवत. मंत्रालयाचं काय चुकलं हा विषयच नाही. मग खापर लष्करावर फुटणार नाही तर काय?

कराडचा_मेस्त्री
हे बरोबर बोललात, इथं माझे चार आणे वजा. कार्यकक्षा तशी आखली तिथंच निम्मा निकाल लागला होता. अहवाल न छापण्याचं कारण साहेबांनी सुरक्षितता आणि सीमा राखणाऱ्यांचं मनोबल असं दिलं. १९६३ ला ते मला पटतं. सीमा उघडी होती, सैन्य नव्यानं उभं करायचं होतं. पण २०१० मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री अँटनी संसदेत म्हणतात की मजकूर आजही लष्करीदृष्ट्या संवेदनशील, ते काही पटत नाही. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकारानं त्यातला मोठा भाग इंटरनेटवर टाकला, तरी आपलं कुलूप जिथल्या तिथं.

पारावर ज्यानं विचारलं त्याला मनोबलाची काळजी नव्हती. अहवाल छापला असता तर आबांसारख्यांचं तोंड तरी वर झालं असतं, असं मला वाटतं. साहेबांच्या फोटोसमोर बसूनच हे लिहितोय.

तृतीय_वर्ष_राज्यशास्त्र
काका, खूप आभार. आबांचं वाक्य प्रकल्पात घेतलं तर चालेल का, नाव न लिहिता? आणि मूळ निवेदन नीट वाचायला कुठं मिळेल?

कराडचा_मेस्त्री
घे की. फक्त "वरीस" असंच लिही, "वर्ष" करू नकोस. निवेदन संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहे. तिसऱ्या लोकसभेची चर्चा, तारखेनं शोध. स्कॅन फिकट आहे, मोबाइलवर वाचू नकोस, छापून घे. आणि यावेळी अर्ध्यावर सोडू नकोस, धोरणाचं ते वाक्य पुढंच आहे.